कल्चर सांडलं तर लगेच पुसू नका: लॅबमधल्या बायोहॅझर्ड स्पिल आणि एक्स्पोजरच्या वेळी नेमकं काय करायचं

कल्चरची, म्हणजे जंतू वाढवलेल्या द्रावणाची, फ्लास्क हातातून सुटली की हात आधी टिश्यू रोलकडे जातो. सरांना किंवा मॅडमना कळायच्या आत साफ करून टाकू असं मनात येतं आणि माणूस खाली वाकून, तोंड बरोबर त्या डबक्याच्या वर धरून पुसायला लागतो. नेमकं हेच करायचं नाही. पडताना जे बारीक थेंब उडतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, हवेत तरंगत राहतात, आणि तुम्ही वाकलात की सरळ नाकात. जमिनीवरचं कल्चर कुठे पळून जात नाहीये, अर्धा तास तिथेच पडून राहिलं तरी चालतं. म्हणून क्रम डोक्यात पक्का बसवा: आधी माणूस, मग हवा, मग जमीन.

हे मी गोव्यातल्या लॅबवाल्यांसाठी लिहितेय. ताळगाव पठारावर विद्यापीठात एमएस्सीचं प्रोजेक्ट करणारे असोत, दोनापावलाला समुद्रातले बॅक्टेरिया वाढवणारे, झुआरीनगरला क्लोनिंग करणारे किंवा वेर्ण्याला फार्मा कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, मायक्रोबायोलॉजी बघणारे. नियम जगभर सारखेच आहेत पण इथला पाऊस, दमटपणा आणि वीज जाणं यामुळे काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात, त्या मधेमधे सांगते.

किट कुठे ठेवायचं आणि त्यात काय हवं

स्पिल किट लॅबच्या आत ठेवू नका, दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवा. बऱ्याच ठिकाणी ते सगळ्यात आतल्या कपाटात, इन्क्युबेटरच्या मागे असतं, आणि स्पिल झाल्यावर तुम्ही बाहेर पळालात की किट आत आणि तुम्ही बाहेर. मग त्याचा उपयोग काय?

आत हवं ते असं: नायट्राइल ग्लोव्ह्ज दोन साइझचे (लेटेक्स नको, आपल्याकडच्या दमट हवेत एका पावसाळ्यात ते एकमेकांना चिकटून बसतात), एन९५ मास्क, गॉगल, डिस्पोजेबल एप्रन, शू कव्हर, भरपूर पेपर टॉवेल झिपच्या पिशवीत बंद करून, लांब चिमटा, काच गोळा करायला प्लास्टिकचं छोटं सुपडं किंवा जाड पुठ्ठ्याचे दोन तुकडे, पिवळी आणि लाल पिशवी, सुयांसाठी न टोचणारा पांढरा डबा, फुटक्या काचेसाठी निळ्या खुणेचा न टोचणारा डबा, मार्कर, आणि 'आत येऊ नका' लिहिलेला बोर्ड. बोर्ड मराठीत, कोकणीत, हिंदीत आणि इंग्लिशमध्ये, कारण सफाईला येणाऱ्या मावशींना इंग्लिश वाचता येईलच असं नाही आणि सगळ्यात जास्त धोका त्यांनाच असतो, कुणी न सांगितलेलं डबकं त्या नुसत्या पोछ्याने पुसून मोकळ्या होतात.

आता हायपोबद्दल जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे आपलं ब्लीच. ते उष्णतेने आणि उजेडाने आपोआप कमजोर होत जातं, एप्रिल-मे मध्ये खिडकीजवळ ठेवलेली बाटली वर ५ टक्के म्हणत असेल पण आत तेवढं उरलेलं नसतं. म्हणून बंद बाटली अंधाऱ्या थंड कपाटात ठेवायची, उघडल्याची तारीख मार्करने लिहायची आणि पातळ केलेलं द्रावण रोजच्या रोज नवीन करायचं, कालचं आज वापरायचं नाही. किटमध्ये मूळ बाटली आणि शेजारी १ लिटरची खूण केलेली रिकामी बाटली ठेवलीत की ऐनवेळी दोन मिनिटांत ताजं तयार होतं.

हिशोब सोपा आहे. स्पिलसाठी १ टक्का हवं. बाटली ५ टक्क्यांची असेल तर २०० मिली हायपो आणि ८०० मिली पाणी. ४ टक्क्यांची असेल तर २५० आणि ७५०. १० टक्क्यांची असेल तर १०० आणि ९००. हा तक्ता किटच्या झाकणाच्या आतून चिकटवून टाका, घाबरलेल्या माणसाला गुणाकार जमत नाही. आणि हो, ब्रॉथ (जंतू वाढवायचं द्रव), सीरम, रक्त यातलं प्रोटीन क्लोरीन खाऊन टाकतं, त्यामुळे घट्ट कल्चरवर चार थेंब शिंपडून काही होत नाही, सांडलंय त्याच्याइतकंच किंवा जास्तच ओतायला लागतं.

हायपोसोबत काय चालत नाही ते पाठ करा. ॲसिड नाही, म्हणजे बाथरूम धुवायचं क्लीनरपण नाही, क्लोरीन गॅस निघतो. अमोनिया नाही, आणि प्राण्यांच्या पिंजऱ्यातल्या मूत्रातही अमोनिया असतो हे ॲनिमल हाउसवाल्यांनी विसरू नये. आरएनए-डीएनए काढायच्या किटमधले लायसिस बफर (पेशी फोडायची द्रावणं) आणि ट्रायझॉल यांत ग्वानिडिन नावाचं रसायन असतं, त्यावर ब्लीच पडलं की विषारी गॅस तयार होतो, तिथे ब्लीच अजिबात नको. ते आधी कोरड्या टॉवेलने टिपून घ्या, साबणाच्या पाण्याने जागा धुवा, टॉवेल वेगळ्या पिशवीत, मग तिथे सॅम्पलमधल्या जंतूंसाठी ७० टक्के इथेनॉल. आणि ब्लीच लागलेली पिशवी ऑटोक्लेव्हमध्ये टाकू नका.

मग इथेनॉलच का वापरू नये सगळीकडे? कारण ते मिनिटभरात उडून जातं, टेकायला वेळच मिळत नाही, स्पोअर्सवर, म्हणजे काही बॅक्टेरिया तग धरायला बनवतात त्या टणक बीजाणूंवर, त्याचा काहीच परिणाम नाही, आणि मोठ्या प्रमाणात ओतलं तर आग. बर्नर पेटलेल्या टेबलवर तर विचारूच नका.

सांडल्यावरची पहिली मिनिटं

काय सांडलं त्यावर सगळं ठरतं. बीएसएल म्हणजे बायोसेफ्टी लेव्हल, आकडा मोठा तितका धोका जास्त. बीएसएल-१ मधली साधी, निरुपद्रवी ई. कोलाय डीएच५-अल्फा, दोन-पाच मिली बेंचवर सांडली तर पूर्ण लॅब रिकामी करायची गरज नाही. ग्लोव्ह्ज, टॉवेल, हायपो, वीस-तीस मिनिटं थांबा, पुसा, संपलं. पण बीएसएल-२ मधलं काही बायोसेफ्टी कॅबिनेटच्या (हवा ओढून फिल्टर करणाऱ्या, काम करायच्या पेटीच्या) बाहेर पडून उडालं असेल, किंवा काय आहे तेच माहीत नसेल, तर खालीलप्रमाणे.

श्वास रोखा आणि मागे सरका. मोठ्याने सांगा, 'स्पिल झालंय, बाहेर चला', लाज वाटायचं काही कारण नाही. ज्याच्यावर उडालंय तो आधी बाहेर. जाता जाता हाताशी बटण असेल तर पंखा आणि स्प्लिट एसी बंद करा, ते त्याच खोलीतली हवा गोल गोल फिरवत बसतात, पण त्यासाठी परत आत जाऊ नका. बायोसेफ्टी कॅबिनेट चालू असेल तर चालूच ठेवा, निगेटिव्ह प्रेशरची लॅब असेल तर तिचं एक्झॉस्टही बंद करायचं नाही. दार लावा, बोर्ड लटकवा, घड्याळ बघा. आता ३० मिनिटं कोणीही आत जायचं नाही, अगदी मोबाइल आत राहिला असला तरीही.

ही ३० मिनिटं हवेतले थेंब खाली बसायला दिलेली असतात आणि हाच वेळ माणसाकडे बघायचा असतो. लॅब कोट काढताना बाहेरची बाजू आत गुंडाळत काढा. आतला टी-शर्ट भिजला असेल तर डोक्यावरून ओढून काढू नका, तोंडावरून आणि डोळ्यांवरून घासत जाईल, सरळ कात्रीने कापा, टी-शर्ट नवीन मिळतो. त्वचा साबण आणि पाण्याने धुवा. पावसाळ्यात एक गोष्ट खास तपासा, पायात काय आहे. जून ते सप्टेंबर निम्मी मुलं फ्लोटर किंवा चपला घालून येतात कारण बूट भिजतात, आणि स्पिल नेहमी पायावरच पडतं. बंद बूट लॅबच्या लॉकरमध्येच ठेवून द्या, येताना चपला घाला खुशाल पण आत बदला.

बीएसएल-३ असेल तर स्वतः परत आत जायचंच नाही, बायोसेफ्टी ऑफिसरला फोन करायचा आणि तो सांगेल तसं.

परत आत गेल्यावर

दोघांनी जा, एक साफ करेल आणि दुसरा दाराशी थांबून सामान देईल. दोन ग्लोव्ह्ज एकावर एक, एन९५, गॉगल, एप्रन, शू कव्हर.

डबक्यावर आधी पेपर टॉवेल अंथरा, कडेपासून सुरू करून मध्यापर्यंत, पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. मग हायपो हळूहळू टॉवेलवर ओता, तेही बाहेरून आत गोल फिरवत. उंचावरून धबधबा ओतला की पुन्हा थेंब उडतात आणि अर्धा तास थांबलेलं फुकट जातं. टॉवेल पूर्ण भिजून जड दिसायला लागले, कडेने थोडं पाणी सुटलं की बरोबर झालं. आजूबाजूला जिथपर्यंत शिंतोडे गेले असतील, टेबलाचे पाय, खुर्चीची चाकं, ड्रॉवरची हँडल, तेही हायपोच्या कपड्याने पुसा, स्प्रे नको. आणि मग परत ३० मिनिटं थांबा. हो, परत. याच वेळी लोक कंटाळतात आणि दहा मिनिटांत पुसून टाकतात, पण हायपोला काम करायला वेळ लागतोच, विशेषतः टीबीसारख्या मेणचट आवरणाच्या जंतूंना आणि बॅसिलसच्या स्पोअर्सना, त्यांच्यासाठी तर अजून जास्त वेळ द्या.

काच कधीच हाताने उचलायची नाही, ग्लोव्ह्ज दोन असले तरी नाही. चिमटा किंवा पुठ्ठा, आणि थेट निळ्या खुणेच्या डब्यात. टॉवेल पिवळ्या पिशवीत, ग्लोव्ह्जसारखं प्लास्टिक लाल पिशवीत. कल्चरचा कचरा तसाच बाहेर द्यायचा नाही, आधी जागच्या जागी निर्जंतुक करायचा असा २०१६ च्या बायोमेडिकल वेस्ट नियमांचा दंडक आहे, आणि ४८ तासांपेक्षा जास्त साठवायचाही नाही, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी झालेलं स्पिल सोमवारपर्यंत कोपऱ्यात बांधून ठेवणं चालणार नाही.

मग जागा पुन्हा एकदा ताज्या हायपोने पुसा, शेवटी साध्या पाण्याने. पाण्याने पुसणं टाळू नका, हायपो स्टीललासुद्धा गंज आणतं आणि आपल्याकडे खारी हवा आधीच ते काम करतच असते. शेवटी ग्लोव्ह्ज काढा, हात साबणाने धुवा.

कॅबिनेट, सेंट्रीफ्यूज आणि शेकर

बायोसेफ्टी कॅबिनेटमध्ये सांडलं तर पंखा चालू ठेवूनच साफ करायचं, कारण तोच हवा ओढून घेतोय. टॉवेल, हायपो, ३० मिनिटं, मग भिंती, काच आणि पृष्ठभाग पुसून पाणी फिरवायचं. वर फिल्टरच्या दिशेने काहीही फवारायचं नाही. पुढच्या जाळीतून आत गेलं असेल तर खालच्या पॅनमध्ये साठलेलं असतं, ड्रेन व्हॉल्व्ह बंद आहे ना बघा, पॅनमध्ये हायपो ओता, वेळ द्या, मग भांड्यात काढून घ्या. झाल्यावर निदान दहा मिनिटं कॅबिनेट रिकामं चालू द्या. नुसता यूव्ही लावून झालं समजू नका, यूव्ही डबक्याच्या आत पोचत नाही.

आणि काम चालू असताना वीज गेली तर? जून-जुलैमध्ये होतंच होतं. पंखा थांबला म्हणजे कॅबिनेट आता नुसती पेटी आहे. ट्यूबची झाकणं हलकेच लावा, काच खाली घ्या, बाहेर व्हा. टॉर्च लावून राहिलेलं पिपेटिंग पूर्ण करायला बसू नका. वीज आल्यावर हवा स्थिर व्हायला पाच मिनिटं द्या आणि मग हात आत घाला.

सेंट्रीफ्यूजमधून खडखड आवाज आला, ट्यूब फुटल्याची शंका आली तर बंद करा पण झाकण ३० मिनिटं उघडू नका. आत सगळं एरोसोल, म्हणजे बारीक थेंबांचं धुकं, भरलेलं असतं, ते तोंडावर येतं. सीलबंद बकेट असतील तर त्या तशाच कॅबिनेटमध्ये नेऊन उघडा. रोटर बहुतेक ॲल्युमिनियमचा असतो, त्याला ब्लीच लावलंत की खड्डे पडतात आणि नंतर पूर्ण वेगात रोटरच फुटायची भीती, तिथे ७० टक्के इथेनॉल किंवा कंपनीने सांगितलेलं डिसइन्फेक्टंट.

शेकर इन्क्युबेटरमध्ये फ्लास्क फुटणं तर नेहमीचं. ३७ डिग्री, १८० आरपीएम, क्लॅम्प सैल झालेला, आणि सकाळी येऊन बघता तर ब्रॉथ सगळीकडे आणि काचेचे तुकडे स्प्रिंगांमध्ये अडकलेले. दार उघडू नका लगेच. शेकर बंद, हीटर बंद, अर्धा तास. मग काचा चिमट्याने काढा, क्लॅम्प सोडवून वेगळ्या ट्रेमध्ये हायपोत बुडवा पण तिथेच विसरू नका, पाण्याने धुवून पुसून लावा नाहीतर पुढच्या महिन्यात गंजलेला क्लॅम्प तुटून तेच परत होणार.

डीप फ्रीझरचंही यातच बघा. मे २०२१ च्या तौक्ते वादळात गोव्यात कित्येक भागांत वीज गेली होती. जनरेटर नसलेल्या ठिकाणी वितळलेला फ्रीझर हेही स्पिलच असतं. खाली साचलेलं पाणी बर्फाचंच आहे असं समजू नका, त्यात क्रायोव्हायलमधून (गोठवलेल्या सॅम्पलच्या छोट्या कुप्यांमधून) गळलेलं काहीही असू शकतं.

टोचलं, डोळ्यात गेलं, तोंडात गेलं

एक्स्पोजर म्हणजे जंतू अंगात जायची शक्यता. इथे घाई करायची. सुई टोचली तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. पिळून रक्त काढू नका, घासू नका, जखमेवर ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नका, त्याने आतली कातडी जळते आणि फायदा काही होत नाही. डोळ्यात गेलं तर आयवॉशवर पापण्या बोटांनी उघड्या धरून १५ मिनिटं. आयवॉश दर आठवड्याला चालवून बघत जा, टाकीचं पाणी पडून राहिलं की पहिल्या मिनिटाला लालसर गंज येतो आणि तो कुणाच्या डोळ्यात जायला नको. तोंडात गेलं तर थुंका, चुळा भरा, गिळू नका. ॲनिमल हाउसमध्ये चावा बसला तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवा, मग डॉक्टर, रेबीजचं काय करायचं ते ते ठरवतील.

मानवी रक्त किंवा सॅम्पल असेल तर एचआयव्हीसाठीची औषधं, म्हणजे पीईपी, जितकी लवकर तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. म्हणून 'उद्या बघू' नको, गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीला, नाहीतर जवळच्या जिल्हा रुग्णालयात, म्हापसा किंवा मडगाव, जे लवकर गाठता येईल तिथे. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका, कोणीतरी सोबत या, नाहीतर १०८ बोलवा. एचआयव्ही असलेल्या रक्ताची सुई टोचून लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, म्हणजे बहुतेकांना काही होत नाही हे त्या माणसाला सांगा, रात्रभर जागत बसू नये. हेपटायटिस बी असलेल्या रक्ताचा धोका मात्र लस न घेतलेल्याला ६ ते ३० टक्के, एवढा मोठा फरक आहे, आणि त्यावर लस आहे. ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस, शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण, तपासा, १० च्या वर हवं. लॅबमध्ये पाऊल टाकायच्या आधी हे झालंच पाहिजे, स्टुडंटचं आणि सफाईवाल्या मावशींचंही.

ज्या सॅम्पलची सुई टोचली ती ट्यूब फेकू नका, तपासायला लागेल.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला तुमच्या फ्रीझरमध्ये काय आहे ते माहीत नसतं. प्रत्येक लॅबने एक पानी कार्ड तयार ठेवावं: जंतूचं नाव आणि स्ट्रेन, त्यात कुठले रेझिस्टन्स जीन घातलेत (कनामायसिनवर वाढवलेल्या स्ट्रेनला कनामायसिन गटातलं औषध देऊन काय होणार), लेंटीव्हायरससारखा व्हेक्टर (जीन पेशीत नेणारा वाहक) असेल तर त्यात कोणता जीन, किती आणि कसा एक्स्पोजर झाला, किती वाजता, पीआयचा (लॅबच्या प्रमुख संशोधकाचा) फोन. ब्रुसेला (जनावरांकडून माणसाला येणाऱ्या तापाचा बॅक्टेरिया) असेल तर ते ठळक लिहा, ब्रुसेलाच्या मोठ्या एक्स्पोजरनंतर डॉक्सीसायक्लिन आणि रिफॅम्पिसिन तीन आठवडे देतात आणि पुढे २४ आठवडे रक्त तपासत राहतात. ब्रुसेला लॅबमधून माणसाला लागण्यात फार पुढे आहे, आणि बऱ्याचदा कारण एकच, ओळखू न आलेली प्लेट उघड्या बेंचवर हाताळणं किंवा हुंगणं. प्लेट हुंगू नका, कोणीही शिकवलं असेल तरी.

एक्स्पोजरनंतर ताप आला तर. आपल्याकडे पावसाळ्यात ताप म्हटलं की डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, आणि सत्तरीकडून आलेला असेल तर माकडतापही. डॉक्टर त्याच दिशेने जाणार, त्यात त्यांची चूक नाही. तुम्ही सांगितलं पाहिजे की मी अमुक जंतूवर काम करतो आणि अमुक दिवशी हे झालं. २००३ मध्ये सिंगापूरला एका संशोधन विद्यार्थ्याला सार्स झाला, तो काम करत होता वेस्ट नाइल व्हायरसवर, पण त्याच लॅबमध्ये सार्सही हाताळला जायचा आणि सॅम्पल एकमेकांत मिसळलं होतं. म्हणजे स्वतःच्या जंतूबरोबर शेजारच्या बेंचवर काय चालतं तेही डॉक्टरांना सांगायचं. रोज दोनदा ताप मोजून वहीत लिहा, किती दिवस ते जंतूच्या इन्क्युबेशनवर, म्हणजे लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळावर, ठरेल. गरोदर असाल, स्टेरॉइड चालू असतील तर ते पहिल्याच मिनिटाला सांगा.

कळवणं

लपवलेलं स्पिल सगळ्यात वाईट, कारण पुढच्या माणसाला माहीत नसतं आणि तुम्हाला ताप आला तर धागा सापडत नाही. त्याच दिवशी पीआयला, बायोसेफ्टी ऑफिसरला आणि त्यांच्यामार्फत संस्थेच्या बायोसेफ्टी कमिटीला लेखी. जीएमओ (जीन बदललेले जीव) किंवा धोकादायक जंतूंचं काम १९८९ च्या नियमांखाली आणि डीबीटीच्या, म्हणजे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या, २०१७ च्या गाइडलाइन्सखाली येतं, आणि त्यात या कमिटीला अपघाताची माहिती मिळणं अपेक्षितच आहे. कचरा हाताळताना मोठा अपघात झाला तर २४ तासांत फॉर्म १ राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला, म्हणजे आपल्याकडे साळगावच्या ऑफिसला. कचरा उचलताना सुई टोचणं यात येत नाही, पण वर्षाच्या रिपोर्टमध्ये ते लिहायचंच.

पीआय लोकांना हात जोडून विनंती, स्पिल सांगायला आलेल्या मुलावर ओरडू नका. पहिला प्रश्न 'तुला लागलं का' हा असू दे, फ्लास्क किती महाग होती हे नंतर. एकदा ओरडलात की पुढचं स्पिल तुमच्यापर्यंत येणारच नाही, आणि ते टीबीचं असलं तर?

रिपोर्टमध्ये कोणाचं चुकलं ते लिहू नका, काय झालं ते लिहा: किती वाजता, काय, किती मिली, आत किती जण होते, कोणतं डिसइन्फेक्टंट किती वेळ, कोण दवाखान्यात गेलं, क्लॅम्प सैल होता की ट्रॉलीचं चाक अडकलं. आणि वापरलेलं किट त्याच संध्याकाळी भरून ठेवा, हायपोच्या नव्या बाटलीवर तारीख टाकून.